शनिवारचा पूर्वपक्ष

"उद्या तू माझी वकील," असं म्हणत मुजावरने माझ्या टेबलावरचे बोर्ड कोपराने सरकवले आणि रिकाम्या झालेल्या जागी आपला जेवणाचा डबा मांडला.

"कोपर भाजेल. आत्ताच सोल्डर केलेत."

"भाजू दे. सहानुभूतीची मतं मिळतील. फळा वाचलास?"

वाचला होता. कंपनीच्या दाराशी एक काळा फळा होता आणि त्यावर दर शुक्रवारी आमचे मालक खासनीस साहेब दुसऱ्या दिवशीच्या सभेचा विषय स्वतः खडूने लिहीत. त्या शुक्रवारी लिहिलं होतं : ‘वायरलेसच्या धंद्यात यापुढे जे नवं घडेल, ते सॉफ्टवेअर घडवील की हार्डवेअर? सॉफ्टवेअरची बाजू : हेमलता रणदिवे. हार्डवेअरची बाजू : फैयाज मुजावर. निर्णय : उपासनीबाई. वडे : बटाट्याचे.’

हेमलता रणदिवे म्हणजे मी. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ‘निनाद वायरलेस’ या छोट्याशा कंपनीत मी हार्डवेअरची प्रमुख होते आणि मुजावर सॉफ्टवेअरचा. म्हणजे फळ्यावर आमची नावं उलटी पडली होती. आणि ती चुकून पडलेली नव्हती.

खासनीस साहेबांचे वडील पैठणला संस्कृत शिकवत. जुन्या शास्त्रार्थात पंडिताने आधी प्रतिपक्षाचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, इतक्या चांगल्या रीतीने मांडायचं की प्रतिपक्षानेच मान डोलवावी. त्यानंतरच त्याला स्वतःचं मत सांगण्याचा अधिकार. साहेबांनी सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी सोडून कंपनी काढली, तेव्हा रेडिओच्या विद्येबरोबर वडिलांची ही रीतही ते घेऊन आले. दोन विभागांचं पटेनासं झालं की शनिवारी संध्याकाळी दोन्ही प्रमुखांनी सगळ्यांसमोर उभं राहून एकमेकांची बाजू मांडायची. जी बाजू सरस ठरेल तिच्याप्रमाणे पुढचं काम चाले. आपलं भवितव्य असं प्रतिस्पर्ध्याच्या जिभेवर सोपवून आम्ही वडे खात असू. या रीतीतून काही चमत्कारिक प्रसंग उद्भवले होते. स्टोअर्सवाल्यांचं गाऱ्हाणं मांडता मांडता खरेदी विभागाचे प्रमुख एकदा स्वतःच रडले होते आणि पुढे आठवडाभर त्यांनी स्टोअर्समध्येच डबा खाल्ला होता.

यात लबाडीला वाव होता, हे साहेब ओळखून होते. त्यासाठी त्यांचा एक नियम होता : ज्याचा पूर्वपक्ष मुद्दाम लंगडा केलेला दिसेल, त्याची स्वतःची मागणी तिथल्या तिथे बाद.

"आपण असं करू," मुजावर पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "मी तुला माझे सगळे मुद्दे देतो. एकही राखून ठेवत नाही."

"मीही देते."

"तुझा फायदाच आहे की त्यात."

होताच. त्याने हार्डवेअरची बाजू उत्तम मांडली तर माझंच कल्याण होणार होतं. तेव्हा त्याला शिकवण्यात मी कसूर करण्याचं कारण नव्हतं. अडचण पुढची होती. शिकलेलं सगळं आम्हा दोघांनाही उद्या वापरायचं नव्हतं. हरायचं होतं, पण हरायची इच्छा चेहऱ्यावर दिसू द्यायची नव्हती.

आणि प्रश्न पोटापाण्याचा नसला तरी त्याच्या जवळपासचा होता. आमची कंपनी गावोगावच्या नगरपालिकांना रेडिओ संच पुरवी. पाण्याच्या उंच टाकीवर एक संच बसे आणि पंपाच्या खोलीत दुसरा. टाकी भरत आली की वरचा खालच्याला कळवी आणि पंप बंद होई; खालचा तीच खबर फोनच्या तारेने नाशकात आमच्याकडेही पाठवी. पुढच्या वर्षी संचाची नवी आवृत्ती काढायची होती आणि एकाच मार्गाने जाण्याइतकी कंपनीची ताकद होती. एक मार्ग माझा होता : दोन वर्षं खपून मी तयार केलेला नवा बोर्ड. त्यावरच्या सहा कॉइल मी भिंगाखाली हाताने गुंडाळल्या होत्या. हव्या त्या लहरी आत घ्यायच्या आणि नको त्या बाहेर ठेवायच्या, हे काम त्या सहा जणी करत. दुसरा मार्ग मुजावरचा : हे असे निवडानिवड करणारे भाग बोर्डावर ठेवायचेच नाहीत, जे येईल ते आत घ्यायचं आणि निवडण्याचं काम प्रोग्रॅमने आकडेमोड करून करायचं. तसं ठरलं असतं तर बोर्ड बाहेरून तयार आणले गेले असते. माझा बोर्ड कपाटात गेला असता आणि मी व माझे सहकारी कुलथे, आम्ही दोघे बिघडून परत आलेले जुने संच दुरुस्त करत बसलो असतो.

जेवण झाल्यावर मुजावरने मला सॉफ्टवेअरचा महिमा सांगितला. तो इस्लामपूरचा, रंगात आला की गावाकडची भाषा त्याच्या बोलण्यात आपोआप उतरे.

"हे बघ रणदिवे, तुझा बोर्ड एकदा बनला की बनला. त्याला नवीन काय शिकवणार तू? कपाळावर लिहिल्यागत सगळं कायमचं. माझं तसं न्हाई. आज चुकलं, उद्या सुधारलं. इथं खुर्चीत बसून गावोगावचे रेडिओ बदलायचे."

"आणि बदलताना बिघडले तर?"

"तर परवा सुधारायचे."

"हे उद्या मी बोलू?"

"एवढं नको बोलूस," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "नाही, बोल. बोललंच पाहिजेस. तूच तर जिंकवणार मला."

"तू मला जिंकवणार आहेस."

"तेच की," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या याद्या करताना दोन्हीकडचे मामा पाहतात.

शनिवारी जुळणी विभागातली टेबलं भिंतीला लावून सगळे जमले. उपासनीबाई मध्यभागी खुर्चीवर बसल्या. त्या हिशेब विभाग सांभाळत. निवृत्तीला आल्या होत्या आणि रेडिओमधलं आपल्याला काही कळत नाही, हे त्या न लाजता सांगत. याच कारणाने साहेब त्यांना निर्णयाला बसवत. ज्याला विषय ठाऊक नाही त्याला पटवता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"हेमलता, जरा मोठ्याने बोल हं," बाई म्हणाल्या, "आणि मुजावर, तुम्ही जरा हळू."

पहिला मुजावर उठला. त्याची हरण्याची तयारी पाहून मला त्याचं कौतुक वाटलं. तो लंगडं बोलला नाही. त्याने हार्डवेअरची आरती केली.

"हार्डवेअर म्हणजे काय?" त्याने हात जोडून विचारलं. "हार्डवेअर म्हणजे माता. ती दिसत नाही, पण तिच्याशिवाय घर नाही. तिची ती तांब्याची काया, तो सोल्डरचा सुगंध..."

"दिसत नाही कसं?" उपासनीबाई म्हणाल्या. "ते तर दिसतं. दिसत नाही ते तुमचं."

"दिसतं, पण आपण पाहत नाही," मुजावर नम्रपणे म्हणाला. "आणि म्हणून, बाई, आपण त्या मातेचा मान राखला पाहिजे. तिच्याकडून नव्या नव्या अपेक्षा करू नयेत."

सभा हसली. कुलथ्यांनी माझ्याकडे व्याकूळ नजरेने पाहिलं. मी शुक्रवारी त्याला ज्या गोष्टी समजावून दिल्या होत्या, त्यांतली एकही त्याने वापरली नव्हती; पण एका शब्दालाही हरकत घेता येत नव्हती. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते अस्वस्थ झाले की असं करत. एवढी स्तुती ऐकून मुद्दाम लंगडं बोलल्याचा आरोप कोणी कसा करावा?

माझी पाळी आली. मी वेगळी युक्ती योजली होती. मी सारं काही बरोबर, पण अत्यंत कंटाळवाणं बोलायचं ठरवलं होतं. विद्यापीठात ज्या प्राध्यापकांच्या तासाला आम्हाला झोप येई, त्यांचा स्वर मी आठवून आठवून घोटला होता. ‘सर्वप्रथम आपण संज्ञांची व्याप्ती निश्चित करू’ या वाक्याने मी सुरुवात केली आणि तिसऱ्या व्याख्येपर्यंत उपासनीबाईंचे डोळे मिटू लागले. वड्यांच्या परातीकडे लोक पाहू लागले. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं.

नियमाप्रमाणे आता मुजावरने मला प्रश्न विचारायचा होता. त्याने तो माझ्या पुढ्यात अगदी ताटात वाढून दिला.

"रणदिवे मॅडम, मला एवढंच सांगा. टाकी त्या गावात, आपण नाशकात. तुमचं ते सॉफ्टवेअर इथून तिथल्या रेडिओत शिरणार तरी कसं?"

उत्तर शाळकरी मुलालाही देता आलं असतं. जो रेडिओ टाकीची खबर पाठवतो, तोच नवा प्रोग्रॅम आत घेईल. रेडिओ असतोच त्यासाठी. हे सांगितलं की सभा जागी होणार आणि त्याची बाजू वर येणार, हे त्याने हेरलं होतं. मीही हेरलं.

"या प्रश्नाचा," मी म्हणाले, "सखोल विचार करावा लागेल."

कुजबुज झाली. मुजावरच्या विभागातली दोन माणसं एकमेकांकडे पाहून हसली. आणि उपासनीबाई, अगदी मायेने, माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "राहू दे गं. नाही आलं तर नाही आलं. तुझं काम डाग द्यायचं. हे आकडेमोडीचं तुला कुठून येणार?"

मी आजही शपथेवर सांगते, बाईंच्या मनात तिळमात्र दुजाभाव नव्हता. त्यांच्या बोलण्यात अपमान नव्हता, दया होती. आणि तीच मला सोसवली नाही. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांत मी हरले असेन, पण कोणी मला पाठीवर हात फिरवून खाली बसवलं नव्हतं. मी समोरची टिपणं दुमडली.

"बाई, येतं मला," मी म्हणाले. "तुम्हाला ऐकायचंच असेल तर सांगते. गेल्या उन्हाळ्यात मी एका टाकीवर चढले होते."

"कुठल्या टाकीवर?" साहेबांनी विचारलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. परत आल्यावर मी ‘किरकोळ दुरुस्ती झाली’ इतकंच सांगितलं होतं.

"आपल्याच संचाच्या. तालुक्याचं गाव. शेजारच्या माळावर कोणीतरी नवा वायरलेस बसवला होता आणि त्याच्या लहरी आपल्या लहरींच्या इतक्या जवळ होत्या की पंपाला वाटायचं, टाकी भरली. गावाला चार दिवस पाणी नाही. उपाय सोपा होता. आपली लहर बदलायची, म्हणजे खालच्या आणि वरच्या दोन्ही बोर्डांतल्या कॉइल बदलायच्या. खालच्या झाल्या. पण दुसरा बोर्ड वर आणि मी खाली. शेवटी मी सोल्डरिंग आयर्न पर्समध्ये टाकलं, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि लोखंडी शिडीने वर गेले."

"अगं बाई," उपासनीबाई पूर्ण जाग्या झाल्या.

"वर पोचल्यावर लक्षात आलं की तिथे विजेचा प्लग नाही. खाली कोणाला तरी हाक मारावी म्हणून मी कठड्याशी आले आणि हात हलवले. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे टाकीवर माणूस कधी चढतो ते."

सभेत खसखस पिकली. ते सगळ्यांनाच माहीत होतं. आपल्याकडे टाकीवर माणूस मागण्या मान्य करून घ्यायला चढतो.

"दहा मिनिटांत खाली जत्रा जमली. एक हवालदार कर्णा घेऊन आले आणि म्हणाले, ताई, टोकाचं पाऊल उचलू नका, तुमच्या मागण्या काय आहेत? मी वरून ओरडले, मला वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड हवाय. वाऱ्यामुळे त्यांना नीट ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी उत्तर दिलं, तुमची मागणी वरपर्यंत पोचवू. मग कोणीतरी घोषणा द्यायला लागलं. माझ्याच बाजूने. पाणी चार दिवस नव्हतंच, त्यामुळे लोक मनापासून देत होते. नगराध्यक्ष आले. त्यांनी खालून आश्वासन दिलं की दोन दिवसांत पाणी येईल. मी म्हटलं, एक्स्टेन्शन बोर्ड द्या, अर्ध्या तासात येईल. शेवटी दोरीने तो वर आला. मी कॉइल बदलल्या, पंप सुरू झाला, मी खाली उतरले, तर लोकांनी मला हार घातला आणि पुढच्या निवडणुकीला उभ्या राहा म्हणून सांगितलं."

परातीतल्या वड्यांकडे आता कोणी पाहत नव्हतं. खासनीस साहेबांच्या खांद्यांना हिसके बसत होते. ते आवाज न करता हसत होते.

"आता मुजावरांचा प्रश्न घ्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो मला आवडत होता. "सॉफ्टवेअर तिथे शिरणार कसं? जशी टाकीची खबर इकडे येते, तसंच ते तिकडे जाईल. लहर बदलायची तर इथे चार आकडे बदलायचे. शिडी नाही, दोरी नाही, हवालदार नाही. जी गोष्ट बदलण्यासाठी माणसाला आकाशात चढावं लागतं, तिच्यात नवं काही घडत नसतं. माणूस तिला हात लावायलाच घाबरतो. नवं तिथे घडतं, जिथे चुकलं तर दुरुस्त करणं स्वस्त असतं. आणि हार्डवेअरबद्दल एवढा भक्तिभाव बाळगणाऱ्या मुजावरांना ते अजून कळलेलं दिसत नाही. पण कॉइल म्हणजे देव नव्हे."

टाळ्या पडल्या. मी पाहिलं, सर्वांत जोरात मुजावर टाळ्या वाजवत होता. मात्र माझं त्याच्याबद्दलचं वाक्य ध्यानात आल्यावर त्याचे हात थांबले.

"हेमलता," उपासनीबाईंनी विचारलं, "तुझा तो नवा बोर्ड आला की मग नाही ना चढावं लागणार?"

आता मात्र मला माझं हित आठवायला हवं होतं. एक गुळमुळीत वाक्य पुरलं असतं. पण सभा माझ्याकडे डोळे लावून बसली होती.

"चढावं लागेल," मी म्हणाले. "फक्त खाली लवकर उतरता येईल."

हास्याचा जो लोट उठला त्यात कुलथ्यांनी कपाळावर हात ठेवलेला मला दिसला.

मुजावर उठला. त्याला उत्तर देण्याची गरज नव्हती. त्याने ‘मान्य आहे’ म्हणून खाली बसायचं होतं. त्याचा मार्ग मोकळा झाला होता. पण ‘मुजावरांना कळलेलं दिसत नाही’ हे त्याच्या विभागासमोर बोललं गेलं होतं.

"मला कळत नाही?" तो म्हणाला. त्याची आरतीची भाषा गळून पडली होती. "साहेब, मी रोज दुपारी गच्चीवर जातो. ही मंडळी म्हणतात, मुजावर सिगारेट ओढायला जातो. मी सिगारेट ओढत नाही. विचारा घरी. माझ्या चाचणीचा संच गच्चीवर ठेवलाय. बाहेरून आणलेला तयार बोर्ड, त्यावर माझा प्रोग्रॅम. ऊन चढलं की तो तापतो आणि गप्प होतो. म्हणून मी बादली घेऊन जातो आणि त्याच्यावर ओलं फडकं टाकतो. लहान पोराला ताप आल्यावर टाकतात तसं. गेला सगळा मे महिना टाकतोय."

त्याच्या विभागातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना हे नवीन होतं.

"टाकीवर कोण फडकं टाकणार? मॅडम म्हणतात, इथे आकडे बदलू. बदला. पण तिथला पत्र्याचा डबा तापून बंद पडलाय, तर तुमचे आकडे ऐकणार कोण? आणि दुसरं. टाकी लांबची, आवाज क्षीण. अँटेनाने जे ऐकलंच नाही, ते माझा प्रोग्रॅम कुठून आणणार? मी काय मनाने लिहू? आकडेमोड करायला आधी आकडे लागतात. ते ज्या कानांनी येतात ना, ते कान या बाई बनवतात. हाताने. भिंगाखाली. आणि त्या स्वतःच इथे उभं राहून सांगतात की त्यात देव नाही. नसेल देव. पण माझ्याकडे प्रोग्रॅम आहे आणि फडकं आहे, आणि तेवढ्यावर रेडिओ चालत नाही."

तो बसला, तेव्हा टाळ्या मला पडल्या होत्या तेवढ्याच पडल्या. मी वाजवल्या नाहीत. मला राग आला होता. वास्तविक त्याने माझ्या बोर्डाची जी बाजू मांडली होती, तशी मलाही दोन वर्षांत कधी मांडता आली नव्हती. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की तो जिंकू पाहतोय. मी पुन्हा हात वर केला. साहेबांनी मान हलवली. वेळ संपली होती.

उपासनीबाईंनी पदर सारखा केला आणि थोडा वेळ डोळे मिटले.

"मला त्या लहरींचं काही कळलं नाही," त्या म्हणाल्या, "पण अडचण कळली. आत्ताच्या पद्धतीने हेमलताला टाकीवर चढावं लागतं. नव्या पद्धतीने मुजावरांना गच्चीवर. गच्चीला निदान जिना आहे. मी सॉफ्टवेअरला देते."

मी जिंकले. लोक येऊन हात मिळवू लागले आणि मी हसून ‘अहो, त्यात काय’ असं म्हणत राहिले. सगळ्यांच्या शेवटी कुलथे आले. कोणी वारल्यावर दारावर भेटायला गेलेली माणसं जसा हात हातात घेतात, तसा त्यांनी माझा हात घेतला.

"अभिनंदन, मॅडम," ते म्हणाले. "फार चांगलं बोललात. आपला बोर्ड कोणत्या कपाटात ठेवू?"

तेव्हा कुठे मी भानावर आले.

बाहेर मुजावर स्कूटरला किका मारत होता. ती सुरू झाली होती, तरी मारत होता. त्याने वडाही खाल्ला नव्हता.

"तुझं काम झालं की," मी म्हणाले. "तोंड का असं?"

"तू मला हरवलंस."

"अरे, पण तुझीच बाजू जिंकली."

"ते बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मी हरलो ना. घरी काय सांगू?"

"जिंकलो म्हणून सांग."

"खोटं कसं सांगू? अम्मी विचारणार, कोण चांगलं बोललं."

मला त्याच्यावर रागवावंसं वाटत होतं, पण आम्हा दोघांत रडायचा हक्क कोणाचा, हेच ठरत नव्हतं. तो तसाच निघून गेला.

सोमवारी मी सकाळीच साहेबांच्या खोलीत गेले. निर्णय फिरवायची विनंती करायची, असं मी ठरवून आले होते. रविवारभर वाक्यं जुळवली होती.

"साहेब, शनिवारी मी जे बोलले, ते नियमामुळे बोलले. ते माझं मत धरू नये."

"बरं," ते म्हणाले. "त्यातलं खोटं कोणतं होतं?"

मी आठवून पाहिलं.

"टाकीवर चढला नव्हतात?"

"चढले होते."

"हार घातला नाही?"

"घातला. शेवंतीचा होता."

"मग नवा बोर्ड आल्यावर चढावं लागणार नाही?"

"लागेल."

"हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे, रणदिवे बाई?"

"टाकीवरून उतरले तेव्हापासून."

"त्याला वर्ष झालं. दर महिन्याला तुम्ही इथे बसून मला त्या बोर्डाची प्रगती सांगत होता. एकदा तरी हे का नाही सांगितलंत?"

त्यांच्या स्वरात रोष नव्हता. ते खरोखरच विचारत होते, आणि मीही उत्तर शोधत होते.

"तेव्हा मी माझ्या बाजूने बोलत होते, साहेब," मी म्हणाले.

 त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मला त्या खोलीतून जावंसंही वाटेना आणि थांबावंसंही वाटेना. तेवढ्यात दार ढकलून मुजावर आत आला. मला बसलेलं पाहून तो थबकला. मग बहुधा परत जाणं अधिक वाईट दिसेल असं वाटून पुढे आला.

"साहेब, मला बाहेरचा तयार बोर्ड चालणार नाही."

"तुमची बाजू जिंकली आहे, मुजावर."

"जिंकली, पण शनिवारी मी बोललो ते सगळ्यांनी ऐकलंय. आता माझीच माणसं मला विचारतात, सर, फडकं कोण टाकणार. गावोगावी कुठं कुठं बादली घेऊन फिरू मी?"

"मग कोणाचा बोर्ड चालेल?"

त्याने माझ्याकडे न बघता हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिचा. कान हिच्याच बोर्डाला आहेत, अँटेनाजवळची ती क्षीण आवाज टिपणारी कॉइल. उन्हातही टिकतो. फक्त त्यातलं बरंच काही काढावं लागेल."

"काय काय?"

"ते तिला सांगू दे. मला नाही काढवणार."

"रणदिवे बाई?" साहेबांनी विचारलं.

माझ्या बोर्डाचं आयुष्य वाचलं होतं आणि तो माझा राहणार नव्हता, असं काहीतरी माझ्या मनात आलं. पण ते सांगण्याजोगं नव्हतं. मी म्हणाले, "काढते."

त्या बोर्डाच्या पुढच्या आवृत्त्या आज पुष्कळ गावांच्या टाक्यांवर आहेत. लहर बदलायला त्यांच्यापाशी कोणी चढत नाही. परिसंवादांतून लोक मला सॉफ्टवेअरवाली समजतात आणि मुजावरला हार्डवेअरचा कैवारी. ओळख करून देणाऱ्याची चूक आम्ही दुरुस्त करत नाही, कारण आता ती चूक राहिलेली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या सोमवारी दुपारी मी पहिला बोर्ड टेबलावर घेतला. मुजावर समोर स्टुलावर बसला. अँटेनाजवळची, कानाचं काम करणारी कॉइल राहणार होती; बाकीच्या पाच मी एकेक सोडवून बशीत ठेवत गेले. पहिल्या दोन निघाल्या तेव्हा तो बशीकडे बघत होता. तिसरीला त्याने घसा साफ केला. पाचवी निघाली तेव्हा त्याने बोर्डाची दुसरी कड धरली.

"ही एक राहू दे."

"हिचं काम आता तुझा प्रोग्रॅम करणार आहे."

"माझ्या प्रोग्रॅमवर तुझा एवढा विश्वास?"

"तुझा नाही?"

"मी लिहिलाय तो," मुजावर म्हणाला. "मला माहीत आहे ना."

"तरी काढायचीच. सगळ्यांत तीच बदलावी लागते. ती राहिली तर शिडीही राहिली."

"पण किती छान गुंडाळलीयस, रणदिवे."

"सोड."

त्याने बोर्ड सोडला नाही. "पटवून दे," तो म्हणाला.

मी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं, हातातला चिमटा खाली ठेवला, स्टूल पुढे ओढलं आणि बोलायला लागले. आमच्यासाठी ठेवलेल्या चहावर साय धरली. त्याची बोटं एकेक करून बोर्डावरून सुटत होती.